क्वॉल की तुरुमती: मे महिन्यात ऑस्ट्रेलियाला निघालेल्या नागपूरकरांसाठी

नागपुरातल्या निवृत्त मंडळींचा एक प्रवास आता ठरून गेला आहे. लेक नाहीतर मुलगा मेलबर्नला किंवा सिडनीला, तिकडे नातवंड झालेलं, आणि इकडे एप्रिल सरता सरता कूलरनेही हात टेकलेले. मग काका-काकू तीन महिन्यांसाठी निघतात आणि पोळ्याच्या आत परततात. यातले जे पक्षी-प्राण्यांच्या नादी लागलेले आहेत, त्यांचा एक प्रश्न हमखास असतो. कांगारू-कोआला तर कुणीही दाखवेल. एवढ्या लांब चाललोच आहोत तर खरोखर विरळ असं काही पाहावं का? त्यासाठी टास्मानियाचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बेटाचा, वेगळा फेरा करावा का? की तोच वेळ आणि तोच पैसा, जाण्याआधी, इथल्याच एखाद्या विरळ पक्ष्यामागे घालवावा?

दोन उमेदवार समोर ठेवतो. तिकडचा ठिपकेदार शेपटीचा क्वॉल, म्हणजे पोटाला पिशवी असलेल्या शिशुधान प्राण्यांतला एक मांसाहारी. आणि इकडची तुरुमती, म्हणजे लाल डोक्याचा लहानसा ससाणा. आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, लाल यादीत दोघांच्या नावापुढे एकच शिक्का आहे, ‘निअर थ्रेटन्ड’, म्हणजे संकटसमीप. कागदावर बरोबरी. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको: टास्मानियाला जाणं आधीच ठरलं असेल तर क्वॉल सोडू नका, पण केवळ क्वॉलसाठी टास्मानियाला जाऊ नका. आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या रविवारच्या सकाळी हाताशी असतील, तर त्या तुरुमतीला द्या. असं का, ते पुढे.

या शिक्क्याचा अर्थ नीट माहीत असलेला बरा, कारण गैरसमज इथूनच सुरू होतो. लाल यादीच्या पायऱ्या अशा: चिंता नाही, संकटसमीप, असुरक्षित, धोक्यात, अतिधोक्यात. ‘असुरक्षित’ ठरायला अनेक निकष आहेत. त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या निदान ३० टक्के घटलेली असणं. जो जीव या उंबरठ्याजवळ येऊन थांबला आहे, तो संकटसमीप. म्हणजे हा शिक्का बरेचदा संख्या किती यापेक्षा ती कुठल्या वेगाने घसरते आहे याचा अंदाज सांगतो. आणि अंदाज तेवढाच भक्कम, जेवढ्या त्याच्यामागच्या नोंदी. क्वॉल आणि तुरुमती यांच्यातला खरा फरक इथेच आहे.

क्वॉल

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर आज जंगलात उरलेल्या मांसाहारी शिशुधान प्राण्यांत हा सगळ्यात मोठा. ‘मोठा’ हा शब्द ऐकून ताडोबा डोळ्यासमोर आणू नका. नर साधारण ३.५ किलोचा, मादी त्याच्या निम्म्याने. एखादा दांडगा नर ७ किलोपर्यंत जातो. अंग तांबूस-तपकिरी, त्यावर पांढरे ठिपके, नाक ओलसर गुलाबी. क्वॉलच्या सहा जाती आहेत, चार ऑस्ट्रेलियात आणि दोन न्यू गिनीत. ठिपके शेपटीवरही असतात ते फक्त याच्या. त्याला तिकडे ‘टायगर क्वॉल’ही म्हणतात. आपल्या गावाला व्याघ्रराजधानी म्हणवून घ्यायची हौस असल्यामुळे सांगून ठेवतो, याचा वाघाशी काडीचाही संबंध नाही.

पण जबडा पाहावा तर याचा. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर चाव्याच्या ताकदीत टास्मानियन डेव्हिल या दुसऱ्या मांसाहारी शिशुधान प्राण्याच्या खालोखाल याचाच नंबर लागतो. झाडावर सरसर चढतो, रात्री ढोलीतल्या पोसमला आणि झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या ग्लायडरला (हे दोन्ही झाडांवर राहणारे शिशुधानच) गाठतो, जमिनीवर ससे धरतो, आणि चावा घेतो तो मानेच्या मागे, कवटीच्या तळाशी. मेलेलं जनावरही त्याला वर्ज्य नाही, आणि त्यापायी बरेच क्वॉल रस्त्यावर मरतात: गाडीखाली आलेलं वॉलबी, म्हणजे लहान कांगारू, खायला हा येतो आणि पुढच्या गाडीखाली जातो.

पिशवीबद्दल थोडं, कारण ‘शिशुधान’ म्हटलं की कांगारूची खोल पिशवी आणि त्यातून डोकावणारं पिल्लू एवढंच आपल्याला आठवतं. क्वॉलच्या मादीची पिशवी तशी नसते. विणीच्या काळात पोटावरची कातडी दोन्ही बाजूंनी घडी पडून वर येते आणि शेपटीच्या बाजूला उघडी अशी उथळ जागा तयार होते. हंगाम सरला की ती ओसरते. गर्भकाळ २१ दिवसांचा. जन्मलेली पिल्लं बिनकेसाची, मिटल्या डोळ्यांची, आणि आईला स्तनाग्रं सहाच. ज्याला जागा मिळाली तो जगला, सातव्याला थारा नाही. विणीचा हंगाम जून-जुलैच्या आसपास, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात. काका-काकू तिथे असतील नेमके तेव्हाच. या काळात नर माद्यांच्या शोधात लांबलांब भटकतात. तसंही एका नराचा वावर शेकडो, कधी हजार-दोन हजार हेक्टरांवर पसरलेला असतो.

हे ऐकायला रंजक आहे, पाहायला मात्र अवघड. प्राणी निशाचर, एकटा, दाट ओल्या जंगलातला, आणि एवढ्या मोठ्या इलाख्यात एखादाच. तिथले अभ्यासकसुद्धा क्वॉल शोधताना बहुतेक वेळा क्वॉल पाहत नाहीत, त्याची विष्ठा पाहतात. ओढ्यातल्या सपाट खडकावर किंवा कड्याच्या पायथ्याशी यांच्या सामायिक हगणदाऱ्या असतात. त्या भागातले सगळे क्वॉल तिथे येऊन आपली खूण ठेवून जातात, एक प्रकारे हजेरीपटच. विष्ठेत केस, हाडांचे तुकडे, कधी किड्यांचे पंख असतात. ती हुंगून काढायला शिकवलेले कुत्रेही असतात. दुसरं साधन कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असल्यामुळे फोटोवरून कोण कोणता ते ओळखता येतं, आपल्याकडे वाघाचे पट्टे जुळवतात तसंच. म्हणजे आठ दिवसांच्या सहलीत जंगलातला क्वॉल दिसला तर ते नशीब समजायचं, त्याचा बेत आखता येत नाही.

या प्राण्यावर संकट कशाचं, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. जुन्या झाडांची तोड झाली की ढोल्या जातात, पडलेले पोकळ ओंडके जातात, म्हणजे याची घरंच जातात. युरोपातून आणलेले कोल्हे आणि मांजरं त्याचंच अन्न खातात आणि पिल्लांनाही मारतात. कोल्ह्या-कुत्र्यांसाठी पेरलेली विषारी आमिषं क्वॉलला किती बाधतात यावर तिकडे बरेच वाद झाले आहेत. उत्तरेला उसातल्या भुंगेऱ्यांसाठी १९३५ साली क्वीन्सलँडमध्ये आणून सोडलेला केन टोड, हा विषारी बेडूक, खाऊन क्वॉल मरतात. त्याचा सगळ्यात मोठा फटका उत्तरेकडच्या लहान क्वॉलला बसला, पण जिथे ठिपकेदार शेपटीचा आणि टोड एकत्र येतात तिथे यालाही धोका आहेच. २०१९-२० च्या वणव्यांत आग्नेय भागातलं त्याचं बरंच जंगल जळालं. आणि सगळ्यात जुनं भांडण कोंबड्यांवरून. हा खुराड्यात शिरला की एका कोंबडीवर थांबत नाही.

यावरचा एक किस्सा आहे, अगदी अलीकडचा. २०२३ च्या सप्टेंबरात दक्षिण ऑस्ट्रेलियात बीचपोर्टजवळ एका शेतकऱ्याच्या कोंबड्या जायला लागल्या. त्याने कोल्हा असेल म्हणून सापळा लावला. सकाळी सापळ्यात हा! त्या राज्यातून क्वॉल नाहीसा झाल्याला सव्वाशेहून अधिक वर्षं लोटली होती. तो निसटला, पुन्हा सापळा लावला, पुन्हा सापडला. आला कुठून हे कोडंच. पण हा प्राणी किती गुपचूप राहू शकतो ते यावरून कळावं.

आता त्या शिक्क्याकडे परत येऊ. जगाच्या यादीत क्वॉल संकटसमीप. ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा कायदा मात्र त्याला एका खान्यात टाकत नाही. मुख्य भूमीच्या आग्नेय भागातली संख्या ‘धोक्यात’, उत्तर क्वीन्सलँडमधली लहान उपजात ‘धोक्यात’, आणि टास्मानियातली ‘असुरक्षित’. एकच प्राणी, पण प्रदेशागणिक वेगळी नोंद, कारण प्रत्येक ठिकाणी त्याचं दुखणं वेगळं. टास्मानियात कोल्ह्यांनी बस्तान बसवलं नाही, म्हणून तिथली स्थिती त्यातल्या त्यात बरी, आणि म्हणूनच बघायचा तर तिथे. याच्यामागे सर्वेक्षणं आहेत, पुनर्वसनाचे आराखडे आहेत, विद्यापीठं आहेत. गरीब बिचारा असला तरी याला कुणी विचारणारं आहे.

तुरुमती

हिला नाही. हे वाक्य जरा कडक वाटेल, पण विदर्भात बसून तसंच वाटतं.

तुरुमती लहान ससाणा आहे, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत ३० ते ३६ सेंटिमीटर. मादी नरापेक्षा मोठी, तरी पाव किलोच्या आसपासच. डोकं आणि मानेची मागची बाजू विटकरी लाल, पाठ निळसर राखाडी, पोट पांढरं आणि त्यावर बारीक आडव्या रेघा, पाय पिवळेधमक, शेपटीच्या टोकाशी रुंद काळा पट्टा आणि मग पांढरी किनार. एकदा नीट पाहिली की पुन्हा चूक होत नाही. मात्र नीट पाहीपर्यंत चूक होतच राहते, कारण नागपूरच्या आसपास दर पाच मिनिटांनी शिक्रा दिसतो आणि लांबून सगळे शिकारी पक्षी शिक्राच वाटतात. फरक पंखांत आणि डोळ्यांत. शिक्र्याचे पंख आखूड आणि टोकाशी गोलसर, डोळा पिवळा किंवा लालसर. तुरुमतीचे पंख लांब आणि टोकदार, डोळा काळाभोर. हिवाळ्यात खरुची येते, तीही ससाणाच, पण ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबून खाली उंदीर-टोळ शोधते. तुरुमती असा वेळ घालवत नाही.

तिची शिकार बघणं म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं फळ. जोडी असेल तर विशेष. पहाटे नाहीतर दिवस बुडायच्या सुमाराला दोघं एखाद्या वाळक्या झाडाच्या शेंड्यावर नाहीतर विजेच्या खांबावर बसलेले असतात. एक सुटतो तो खाली, जवळजवळ जमिनीला लागून, पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या ओळीवरून सरळ. त्याच्या धाकाने चंडोल, मुनिया, चिमण्या, जे काही वावरात असेल ते उडतं. दुसरा वर थांबलेलाच असतो. उडालेलं पाखरू पहिल्याला चुकवायला वर जातं आणि दुसऱ्याच्या तोंडी पडतं. सगळं काही क्षणांत आटोपतं, आणि दुर्बीण डोळ्याला लावायला गेलात तर चुकलंच. संधिप्रकाशात वटवाघळंही धरतात. पकडलं की चोचीने मान मोडायची. ससाण्यांच्या वरच्या चोचीला कडेशी एक खाच आणि दातासारखं टोक असतं, त्याने मणक्याचा सांधा तुटतो. शिक्रा पंजाने आवळून मारतो, तुरुमती चोचीने. आणि तिकडे क्वॉल दाताने. पिशवीवाला सस्तन आणि पंखवाला ससाणा, दोघांचंही लक्ष मानेवरच. उत्क्रांतीला दोन टोकांना एकच उपाय सुचावा, याचं मला अजून कौतुक वाटतं.

पूर्वी शिकारी पक्षी पाळणारे लोक तुरुमती पाळत आणि ती नीलकंठावर सोडत. नीलकंठ हवेत कोलांट्या घेत, ओरडत चुकवायचा, ही मागे. तो पाठलागच खेळ. आज पाळणं हा गुन्हा आहे, पकडणं आणि घरट्याला हात लावणंही. पण गंमत अशी की त्या खेळातला दुसरा गडीही आता अडचणीत आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल देशभरातल्या सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. शिकारी पक्षी आणि माळरान-शेतासारख्या उघड्या जागांतले पक्षी हे दोन्ही गट घसरणीला लागल्याचं तो सांगतो, आणि नीलकंठाचा लाल यादीतला दर्जा पुन्हा तपासावा असं सुचवतो. तुरुमती या दोन्ही गटांत बसते.

तिचं घर म्हणजे जंगल नव्हे, हा मुद्दा नागपूरकराला पटवायला सगळ्यात जड जातं. आपल्याकडे वन्यजीव म्हटलं की पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, जिप्सी आणि गेट. तुरुमती गेटच्या बाहेरची. तिला हवी उघडी कोरडवाहू जमीन, थोडं पडीत, थोडं गवत, आणि धुऱ्यावर उभी एकटी-दुकटी उंच झाडं: कडुलिंब, चिंच, आंबा, मोठी बाभूळ. स्वतःचं घरटं ती बांधत नाही. कावळ्याचं नाहीतर घारीचं जुनं घरटं ताब्यात घेते. वीण जानेवारी ते एप्रिल-मे या सुमारास. मादी बहुतांशी घरट्यावर, नर शिकार आणतो. जवळ आला की किंचाळतो, मादी उठून शेजारच्या फांदीवर येते, भक्ष्य घेते आणि तिथेच पिसं उपटायला बसते. त्या फांदीखाली दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात तर वाऱ्यावर इकडेतिकडे सरकणारी चंडोलाची भुरी पिसं आणि बुंध्यावर पांढरे शिंतोडे दिसतात. घरटं आहे हे कावळ्यांनाही पक्कं ठाऊक असतं. जोडी त्यांना दूरवर हाकलून लावते, आणि बरेचदा तो कालवाच तुम्हाला जागा सांगतो.

आता नागपूरच्या चारही बाजूंना पाहा. हिंगणा रोड, उमरेड रोड, काटोल रोड, कामठीपलीकडे, जिथे वावर होतं तिथे लेआउट. मुरूम टाकून रस्ते, चार खांब, एक कमान आणि ‘बुकिंग चालू’. ले-आउट पडलं की पहिलं जातं ते धुऱ्यावरचं झाड, कारण प्लॉटच्या मध्ये येतं. रस्तारुंदीकरणात चिंचा जातात. उरलेल्या शेतात कापसावर फवारणी. त्या फवारणीचा माणसाला किती त्रास होतो ते २०१७ साली यवतमाळात साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. किडे मेले की किडे खाणारी पाखरं कमी होतात, आणि पाखरं हेच हिचं मुख्य अन्न. गिधाडांचं संकट दिसलं, कारण गावाबाहेर मेलेली जनावरं कुजत पडली. कारण म्हणून डायक्लोफिनॅक हे जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक सापडलं, जनावरांसाठी त्याच्यावर २००६ साली बंदी आली, आणि २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून आणलेली गिधाडं पेंच आणि ताडोबात आली. तुरुमती कमी झाली तर गावात कुठलाही वास सुटत नाही. कुणाला कळतही नाही.

शहरातला धोका वेगळा, संक्रांतीचा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रकरणात वेळोवेळी कान उपटले. तरी जानेवारीत सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्रात, मांजाने कापलेले पक्षी येतातच. विणीची सुरुवात आणि पतंगांचा महिना एकच. हाही तिच्या नशिबाचा भाग.

कुणी विचारेल, संकटसमीप शिकारी पक्षीच हवा तर हिवाळ्यात येणारा फिकट भोवत्या का नाही? तोही त्याच यादीत आहे, रशिया-कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येतो, आणि नर दिसायला फारच देखणा. पण त्याची मादी आणि माँटेग्यूच्या भोवत्याची मादी वेगळी ओळखताना मुरलेलेसुद्धा भांडतात. सुरुवात करणाऱ्याने त्यात पडू नये. शिवाय तो पाहुणा आहे. तुरुमती इथलीच.

खर्च, वेळ, गुडघे आणि नातवंडं

क्वॉलचा हिशेब असा. नागपूर-मेलबर्न थेट विमान नाही. दिल्ली, मुंबई किंवा आखातातून बदलावं लागतं. तो खर्च मुलांकडे जाण्यासाठी होणारच आहे, तो यात धरू नका. पुढचा धरा: मेलबर्नहून लॉन्सेस्टनचं विमान, नाहीतर जिलाँगहून डेव्हनपोर्टची रात्रीची बोट, मग भाड्याची गाडी, दोन-तीन मुक्काम. डेव्हनपोर्टहून क्रेडल माउंटन दीड तासावर. तिथे ‘डेव्हिल्स ॲट क्रेडल’ नावाचं संगोपन केंद्र आहे, टास्मानियन डेव्हिल आणि क्वॉल दोन्ही ठेवलेले, आणि संध्याकाळी खाद्य देतात तेव्हा पाहायला मिळतात. आकडे सांगत नाही, कारण हंगामाप्रमाणे फार बदलतात. पण चौघांच्या कुटुंबाला हा फेरा लाखाच्या घरात सहज जातो. आणि मे-जूनमध्ये क्रेडलला बर्फ असू शकतो. नागपूरच्या पंचेचाळिसातून पळून शून्याजवळ जायचं, तर स्वेटर नव्हे, जाड जाकीट लागेल.

टास्मानियापर्यंत जायचं नसेल तर मेलबर्नजवळच्या हील्सव्हिल अभयारण्यासारख्या ठिकाणी तिथल्याच प्राण्यांना जवळून पाहता येतं. ‘पिंजऱ्यातला काय पाहायचा’ म्हणून नाक मुरडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. हा प्राणी रानात दिसणं जवळपास अशक्य असेल, तर चांगल्या केंद्रात अर्धा तास त्याला ओंडक्यावरून फिरताना पाहणं हीच प्रामाणिक निवड. सहा वर्षांच्या नातवाला तर रानात काळोखात उभं राहून काहीच न दिसण्यापेक्षा हेच कितीतरी बरं. या एका बाबतीत क्वॉल तुरुमतीला सरळ हरवतो: दिसण्याची खात्री विकत मिळते.

तुरुमतीच्या बाबतीत कुणी पैसे घेऊनही खात्री देणार नाही. लागतं काय? ८×४२ ची दुर्बीण, दुचाकी, पाण्याची बाटली, टोपी, आणि उन्हं चढायच्या आत घरी परतायची तयारी. मार्चमध्ये साडेनऊनंतर वावरात थांबणं म्हणजे स्वतःलाच भाजून घेणं. गुडघे दुखत असतील तरी हरकत नाही. चालायचं फारसं नसतं, थांबायचं असतं. एकच रस्ता निवडा, पाच-सात किलोमीटरचा, दोन्ही बाजूंना उघडं रान आणि मोठी झाडं असलेला. झिलपी, सायकी, पारडगाव या तलावांकडे पक्षीवाले आधीपासून जातात. तलावावर बदकं पाहून परतण्याऐवजी तिथपर्यंतच्या रस्त्यावरचे खांब आणि झाडांचे शेंडे पाहत जा. दर आठवड्याला तोच रस्ता. पहिल्या काही खेपांना शिक्रा, कापशी घार आणि कोतवालच मिळतील. हेही नोंदवा.

‘तुरुमती दिसली नाही’ ही नोंदसुद्धा कामाची आहे, आणि क्वॉलच्या तुलनेत हीच सगळ्यात मोठी तफावत आहे. टास्मानियात तुम्ही गेलात किंवा नाही गेलात, क्वॉलच्या माहितीत काही भर पडत नाही. ते काम करणारी माणसं तिथे पगारावर आहेत. नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या रस्त्यावर सलग तीन हिवाळे एकाच माणसाने सगळे शिकारी पक्षी मोजले, किती वेळ थांबलो तेही लिहिलं, आणि यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली, तर पुढच्या आढाव्यात विदर्भासाठी अंदाजाऐवजी काहीतरी ठोस असेल. निवृत्त माणसाकडे जे असतं, सकाळचा वेळ आणि तेच तेच करायचा धीर, नेमकं तेच इथे हवं आहे. तरुण मंडळी शनिवारी ताडोबाला जातात, फोटो मिळाला नाही की रुसतात.

म्हणून ज्यांना प्रवासात दाखवायला फोटो हवा, नातवंडासोबत एक संध्याकाळ हवी, आणि टास्मानिया तसाही यादीत आहे, त्यांनी क्वॉल घ्यावा, केंद्रातला घ्यावा, आणि मनात खंत ठेवू नये. ज्यांना वर्षभर पुरेल असं काही हवं आणि दिसेल की नाही या टांगणीचा ज्यांना त्रास होत नाही, त्यांनी तुरुमती. आणि तारखा पाहिल्या तर दोन्ही जमण्यासारखं आहे. इथली वीण जानेवारीपासून, तुमचं विमान मेमध्ये. तिकडची वीण जून-जुलैत. भांडण फक्त टास्मानियाच्या जादा खर्चावरून आहे, आणि त्यावर माझं मत वर दिलंच आहे.

दोन्हीकडे काही पथ्यं आहेत. टास्मानियात गाडी घेतलीत तर दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत वेग कमी ठेवा. रस्त्यावरच्या पाट्याही तेच सांगतात. रस्त्यात मेलेलं जनावर दिसलं तर त्याच्याजवळ काहीतरी खात बसलेलं असू शकतं, हे चालवणाऱ्या जावयाला आधीच सांगून ठेवा. इकडे तुरुमतीचं घरटं सापडलं तर झाडाखाली उभं राहू नका, दोनशे पावलं मागे या. आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. मोठ्या लेन्सवाल्या मित्राला लगेच फोन करू नका, आणि व्हॉट्सॲपवर लोकेशन तर अजिबात टाकू नका. नोंद करताना ठिकाण ढोबळ ठेवता येतं. ज्याचं वावर आहे त्या दादांना मात्र जरूर सांगा, की तुमच्या कडुलिंबावर हा पक्षी आहे, हा उंदरांनाही सोडत नाही, मे संपेपर्यंत झाड छाटू नका. बहुतेक शेतकरी ऐकतात. चहाही देतात. जखमी तुरुमती सापडली तर घरी नेऊन दूध-भाकरी भरवायच्या भानगडीत पडू नका. हवा खेळेल अशा खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.